टुगेन्डहाट व्हिला: एका घराच्या दोन दुरुस्त्या

झेक प्रजासत्ताकातील ब्रनो शहरात चेर्नोपोल्नी नावाच्या रस्त्यावरून टुगेन्डहाट व्हिला पाहिला, तर तो चटकन नजरेत भरत नाही. रस्त्यालगत दिसतो तो घराचा सर्वांत वरचा मजला: सपाट छत, दुधी काचेची एक वळणदार भिंत, बाजूला गॅरेज आणि मधल्या मोकळ्या जागेतून दिसणारे शहर व पलीकडचा श्पिल्बर्क किल्ला. घराचा मुख्य भाग उतारावर, खालच्या अंगाला आहे आणि तो बागेत उतरल्यावरच पुरता दिसतो.

१९३० साली पूर्ण झालेल्या या घराची मोठी दुरुस्ती दोनदा झाली. पहिली १९८१ ते १९८५ या काळात आणि दुसरी २०१० ते २०१२ या काळात. जर्मन वास्तुविशारद लुडविग मीस व्हॅन डर रोहे यांनी रचलेले घर पुन्हा उभे करणे, हाच दोन्ही वेळचा हेतू होता. दोन्ही वेळा काम करणारी माणसे जाणती होती आणि घराविषयी त्यांना आस्था होती. तरीही या दोन दुरुस्त्यांमधून निघालेली घरे एकमेकांहून फार वेगळी आहेत. पहिल्या दुरुस्तीने घराचा आकार वाचवला. दुसरीने घर कशाचे बनले आहे, हे आधी शोधले आणि मग हात लावला. आधुनिक वास्तूत जुने आणि नवे कसे सांधावे, या प्रश्नाचे उत्तर माझ्या मते या फरकात आहे. म्हणून हे प्रकरण अभ्यासताना मी दोन्ही दुरुस्त्या शेजारीशेजारी ठेवल्या आहेत.

घर आणि त्याची सामग्री

ग्रेटे आणि फ्रिट्झ टुगेन्डहाट हे ब्रनोतील वस्त्रोद्योगातल्या ज्यू घराण्यांतले दांपत्य. १९२८ साली त्यांचा विवाह झाला आणि ग्रेटेच्या वडिलांनी, आल्फ्रेड ल्योव्ह-बेअर यांनी, आपल्या घराच्या वरच्या बाजूची उताराची जमीन तिला दिली, घराचा खर्चही उचलला. मीस सप्टेंबर १९२८ मध्ये जागा पाहून गेले. १९२९ मध्ये बांधकाम सुरू झाले आणि डिसेंबर १९३० मध्ये कुटुंब राहायला आले. याच काळात मीस बार्सेलोना येथील प्रदर्शनासाठी जर्मनीचा मंडप रचत होते, त्यामुळे दोन्ही वास्तूंमध्ये एकच विचार दिसतो: भार पोलादी खांबांनी पेलायचा आणि भिंतींना त्या ओझ्यातून मोकळे करायचे. टुगेन्डहाट घरात असे २९ खांब आहेत. त्यांचा छेद अधिक चिन्हासारखा असून दिवाणखान्यातल्या खांबांवर क्रोमचा मुलामा आहे.

भिंतींवर भार नसल्याने त्या हव्या तिथे, हव्या त्या सामग्रीच्या करता आल्या. दिवाणखान्यात बैठक आणि अभ्यासिका यांच्यामध्ये मोरोक्कोतील अ‍ॅटलास पर्वतातून आणलेल्या मधाळ रंगाच्या ओनिक्स दगडाची भिंत आहे. हा दगड पारभासक आहे, त्यामुळे हिवाळ्यात कलता सूर्य त्याच्यावर पडला की मागची बाजू आतून पेटल्यासारखी तांबूस होते. जेवणाच्या जागेभोवती मकासर आबनूस लाकडाच्या विनियरची, म्हणजे लाकडाच्या पातळ पापुद्र्याची, अर्धवर्तुळाकार भिंत आहे. बागेकडची जवळजवळ सगळी भिंत काचेची असून तिच्यातली दोन प्रचंड तावदाने विजेच्या मोटारीने खाली तळघरात उतरतात आणि मग दिवाणखाना थेट हवेशी व बागेशी जोडला जातो. जमिनीला पांढरे लिनोलियम, प्रवेशाच्या दालनात ट्रॅव्हर्टिन दगड. अंतर्गत सजावटीत लिली राइश यांचा वाटा मोठा होता. दिवाणखान्यात हिरव्या चामड्याच्या, रुपेरी करड्या कापडाच्या आणि माणिकरंगी मखमली आसनांची योजना होती.

हे सारे तपशील सांगण्याला कारण आहे. या घरात कोरीव काम नाही, नक्षी नाही, वेलबुट्टी नाही. दागिन्याचे काम सामग्रीच करते. दगडाची शीर, लाकडाची रेघ, गिलाव्याची घोटाई आणि काचेचा सपाटपणा हीच या घराची कलाकुसर आहे. जुन्या मंदिराच्या जीर्णोद्धारात कोरलेला दगड बदलून सिमेंटचा साचा बसवला तर सामान्य माणूसही हळहळतो. येथे मात्र पांढरी भिंत पुन्हा पांढरी रंगवली की काही बिघडले असे कोणाला वाटत नाही, आणि आधुनिक वास्तूंचा घात नेमका याच ठिकाणी होतो.

घराची वाताहत

नाझी संकट जवळ येताच कुटुंबाने मे १९३८ मध्ये घर सोडले. ते आधी स्वित्झर्लंडला आणि पुढे व्हेनेझुएलाला गेले. या घरात ते जेमतेम साडेसात वर्षे राहिले. १९३९ मध्ये गेस्टापोने, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांनी, घर जप्त केले. युद्धाच्या काळात आबनुसाची वळणदार भिंत घरातून नाहीशी झाली आणि बॉम्बस्फोटांच्या हादऱ्यांनी मोठ्या काचांपैकी एक सोडून सगळ्या फुटल्या. १९४५ मध्ये सोव्हिएत घोडदळाने घराचा तळ म्हणून वापर केला. युद्ध संपल्यावर काही वर्षे येथे नृत्यशाळा चालली आणि १९५० पासून जवळजवळ तीन दशके पाठीच्या कण्याचे विकार असलेल्या मुलांचे व्यायाम-उपचार केंद्र होते. ओनिक्सची भिंत या सगळ्यातून शाबूत राहिली. घराच्या कथेतली ही सर्वांत अनपेक्षित गोष्ट आहे.

घर वाचवण्याची मागणी १९६० च्या दशकात सुरू झाली. ब्रनोतील वास्तुविशारद फ्रान्तिशेक कालिवोदा यांनी तिचा पाठपुरावा केला. १९६३ मध्ये घराला संरक्षित वास्तूचा दर्जा मिळाला. ग्रेटे टुगेन्डहाट १९६७ मध्ये ब्रनोला येऊन गेल्या आणि जानेवारी १९६९ मध्ये तेथील परिषदेत त्यांनी स्वतः या घराच्या निर्मितीची हकीकत सांगितली. कालिवोदा १९७१ मध्ये वारले, ग्रेटे त्याआधीच १९७० मध्ये अपघातात गेल्या. दुरुस्तीला प्रत्यक्षात हात लागायला आणखी दहा वर्षे जावी लागली.

पहिली दुरुस्ती

१९८० मध्ये घर ब्रनो शहराकडे आले आणि पुढच्या वर्षी काम सुरू झाले. त्या काळाची परिस्थिती ध्यानात घेतल्याशिवाय या दुरुस्तीचे मोल करता येत नाही. परदेशी सामग्री मिळवणे अवघड होते, आधुनिक वास्तूंच्या संवर्धनाचे शास्त्र बाल्यावस्थेत होते आणि घर शहराचे अतिथिगृह म्हणून वापरायचे होते. छत, पाइप, वायरिंग यांची निकड मोठी होती. हे काम तेव्हा झाले नसते, तर तीस वर्षांनी दुरुस्त करायला कदाचित फारसे काही उरले नसते. त्या मंडळींचे हे ऋण मान्य करूनच पुढचे बोलले पाहिजे.

दोष हेतूत नव्हता, पाहण्याच्या पद्धतीत होता. दुरुस्ती करणाऱ्यांच्या हाती मुख्य आधार होता तो आराखड्यांचा आणि १९३१ च्या सुमारास रुडॉल्फ द सान्दालो यांनी काढलेल्या सुंदर छायाचित्रांचा. ही छायाचित्रे कृष्णधवल आहेत. कृष्णधवल छायाचित्रात वाळूच्या रंगाची किंचित पिवळसर भिंत आणि शुभ्र रंगवलेली भिंत एकसारखीच दिसते. आधुनिक वास्तू म्हणजे पांढरी वास्तू, हा समज जगभर पसरण्यात अशा छायाचित्रांचा मोठा हात आहे, आणि हा समज मनात असला की भिंतीचा जुना थर खरवडून पाहण्याची गरजच वाटत नाही. भिंतीवर नवे लेप आले. न्हाणीघरांतल्या मूळ फरशा आणि उपकरणे निघाली. युद्धातून वाचलेली ती एकुलती एक मोठी काच याच दुरुस्तीत फुटली. तेवढ्या आकाराची काच देशात मिळत नसल्याने दोन काचा सिलिकॉनने जोडून तावदाने भरली गेली आणि त्यामुळे जिथे अखंड बाग दिसायची तिथे मधोमध एक उभी रेघ आली.

ही रेघ मला फार बोलकी वाटते. आराखड्यावर ती दिसत नाही आणि मोजमापातही ती चूक ठरत नाही. पण आत बसलेल्या माणसाच्या नजरेला ती सतत अडते आणि काचेच्या अस्तित्वाची आठवण करून देते, मीस यांना तर काच विसरली जावी असे हवे होते.

भिंत वाचण्याचे काम

१९९४ मध्ये घर संग्रहालय म्हणून लोकांना खुले झाले, १९९५ मध्ये ते राष्ट्रीय सांस्कृतिक वारसा ठरले आणि २००१ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले. त्याआधी, २६ ऑगस्ट १९९२ रोजी, झेक पंतप्रधान व्हाक्लाव्ह क्लाऊस आणि स्लोव्हाक पंतप्रधान व्लादिमीर मेचियार यांनी चेकोस्लोव्हाकियाच्या विभाजनाची बोलणी याच घराच्या बागेत, एका झाडाखाली बसून केली होती. घराची कीर्ती वाढत होती आणि त्याच वेळी गच्चीतून पाणी झिरपणे, ओल, गिलावा सुटणे असे दुखणेही वाढत होते. दुसरी दुरुस्ती अटळ होती. या वेळी मात्र एक वेगळी गोष्ट घडली: कंत्राटदार येण्याआधी काही वर्षे संशोधक आले.

संवर्धक व कलाइतिहासकार इव्हो हामर यांच्या पुढाकाराने हिल्डेसहाइम, पार्दुबित्से, व्हिएन्ना, ब्रातिस्लाव्हा आदी ठिकाणच्या उच्चशिक्षण संस्थांतील विद्यार्थ्यांनी आणि तज्ज्ञांनी २००५ पासून घराच्या पृष्ठभागांची तपासणी केली. पुढे कामाच्या देखरेखीसाठी तज्ज्ञांची आंतरराष्ट्रीय समिती नेमली गेली आणि हामर तिचे अध्यक्ष झाले. टुगेन्डहाट दांपत्याची धाकटी मुलगी, कलाइतिहासकार डॅनिएला हामर-टुगेन्डहाट, ही त्यांची पत्नी. त्यामुळे कुटुंबाकडची छायाचित्रे आणि आठवणीही अभ्यासाला उपलब्ध होत्या. फ्रिट्झ हौशी छायाचित्रकार होते आणि तळघरात त्यांची फोटो धुण्याची अंधारी खोलीही होती.

अशी तपासणी म्हणजे नेमके काय, हे येथे सविस्तर सांगितले पाहिजे, कारण या प्रकरणाचा गाभा तोच आहे. भिंतीवर हाताच्या तळव्याएवढी जागा निवडायची आणि शस्त्रक्रियेच्या चाकूने वरचा थर हलकेच सोलून काढायचा. त्याखालचा थर दिसला की तो थोडा मोकळा ठेवून पुढचा उघडायचा. असे करत गेले की भिंतीवर लहान पायऱ्यांची एक पट्टी तयार होते आणि प्रत्येक पायरी एकेका काळाची असते. गहूभर आकाराचा तुकडा काढून तो राळेत घट्ट बसवायचा, त्याची बाजू घासून आरशासारखी करायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा. थरांच्या मध्ये धुळीची किंवा काजळीची बारीक काळी रेघ दिसली, तर खालचा थर काही वर्षे उघड्या हवेत होता, म्हणजे तो अस्तर नसून एके काळी दिसणारी अखेरची सफाई होती, असे समजते. रेघ नसेल तर दोन्ही थर पाठोपाठ दिलेले असतात.

या मार्गाने जे हाती आले ते पहिल्या दुरुस्तीचा पायाच हलवणारे होते. नंतरच्या लेपांखाली १९३० चा बाहेरचा गिलावा मोठ्या प्रमाणावर शाबूत होता. तो चुन्याचा होता आणि त्यावर बारीक वाळू मिसळलेल्या चुन्याचा पातळ हात होता. रंगद्रव्य कोणतेच नव्हते, भिंतीचा पिवळसर उजळ रंग वाळूचाच होता. आतला गिलावाही घोटून गुळगुळीत केलेला होता. त्याला एक मंद चकाकी असते आणि ती प्रकाश परत फेकण्याऐवजी थोडा आत मुरवून मग सोडते, असा भास होतो. तेलरंग किंवा इमल्शन लावलेल्या भिंतीत हा गुण येत नाही.

म्हणजे ज्याला सगळे कोरा पांढरा पृष्ठभाग समजत होते, ते गवंड्याच्या हाताचे काम होते. मीस यांचे नाव घराला आहे, पण हा पोत ज्यांनी दिला त्या कारागिरांची नावे कुणाला ठाऊक नाहीत. आपल्याकडच्या जुन्या वाड्यांत चुन्याची घोटीव भिंत ज्यांनी हाताने चाचपली आहे, त्यांना हे काम किती चिवट मेहनतीचे असते हे सांगायला नको.

चुना आणि सिमेंट यांतला फरक केवळ दिसण्याचा नाही. भिजवलेला चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू पुन्हा चुनखडीत बदलतो, पण त्याची छिद्रे बुजत नाहीत, त्यामुळे भिंतीतली ओल वाफ होऊन बाहेर पडते. वरून सिमेंटचा किंवा कृत्रिम राळेचा घट्ट लेप दिला की ओल आत कोंडते, तिच्यातले क्षार लेपाच्या मागे स्फटिकरूपात साचतात आणि जुना गिलावा पोपडे धरून सुटू लागतो. म्हणून दुसऱ्या दुरुस्तीत नंतरचे लेप काढून, सुटलेला मूळ गिलावा जागच्या जागी पुन्हा पक्का करून, खड्डे तशाच चुन्याने भरून, सगळ्यावर पुन्हा चुना आणि बारीक वाळूचाच पातळ हात देणे तर्काला धरून होते. हा नवा हात जुन्या गिलाव्यापेक्षा मुद्दाम कमकुवत असतो. ऊन, पाऊस, बर्फ यांचा मारा तो स्वतःवर घेतो, आधी झिजतो आणि खालचा जुना थर राखतो. नव्याने जुन्यापेक्षा दुबळे असावे, हा संवर्धनातला नियम मला नेहमीच फार सुंदर वाटत आला आहे.

सांधा कुठे आणि कसा

प्रत्यक्ष काम फेब्रुवारी २०१० ते फेब्रुवारी २०१२ असे दोन वर्षे चालले. घरातील प्रत्येक घटकाची स्थिती वेगळी असल्याने एकच तत्त्व सगळीकडे लावता आले नाही, आणि लावले गेले नाही हे चांगले झाले.

जे जागेवर होते ते जागेवरच राहिले. ओनिक्सची भिंत, पोलादी सांगाडा, ट्रॅव्हर्टिनच्या पायऱ्या यांच्या बाबतीत काम स्वच्छतेचे आणि डागडुजीचे होते. जे समूळ नष्ट झाले होते पण ज्याचा भरवशाचा पुरावा होता, ते नव्याने केले गेले. मोठी तावदाने पुन्हा एकसंध काचेची झाली आणि ती मधली रेघ गेली. पांढरे लिनोलियम खास बनवून घेतले गेले. हा हट्ट वरवर क्षुल्लक वाटेल, पण काचेतून येणारा प्रकाश आधी जमिनीवर पडतो आणि तिथून छतावर व खांबांच्या क्रोमवर चढतो, म्हणून जमिनीचा पांढरेपणा एका छटेने चुकला तरी सगळ्या दालनाचा सूर बिघडतो. न्हाणीघरांतले नळ, बेसिने, फरशा, दारांच्या मुठी आणि दिवे यांच्यासाठी जुनी छायाचित्रे, उरलेले नमुने आणि न्यूयॉर्कच्या म्यूझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये जपलेले मीस यांच्या कचेरीचे मूळ आराखडे उपयोगी पडले.

तळघर ही वेगळीच दुनिया आहे. १९३० साली या घरात हवा खेळती ठेवणारी यंत्रणा होती. बाहेरची हवा पाण्याच्या फवाऱ्यातून धुतली जाई, गाळण्यांतून आणि लाकडाच्या कपच्यांच्या थरातून जाई आणि मग गरम किंवा थंड होऊन दिवाणखान्यात पोचे. तावदाने उतरवणाऱ्या मोटारी, कपडे धुण्याची खोली, फरचे कोट कसरीपासून जपण्याची कोठी, सगळे येथेच होते. दुरुस्तीत ही हवेची यंत्रणा पुन्हा चालू केली गेली. यंत्र हाही वास्तूचा भाग आहे आणि तो केवळ ठेवून न देता चालवला पाहिजे, असा हा निर्णय होता. चालत्या यंत्राला तेल लागते, भाग बदलावे लागतात, म्हणजे चालवण्यात मूळ वस्तू झिजण्याचा धोका आहेच. तरीही काच खाली सरकताना पाहिल्याशिवाय हे घर समजत नाही आणि त्यासाठी एवढा धोका पत्करणे मला योग्य वाटते.

सगळ्यात विलक्षण प्रकरण आबनुसाच्या भिंतीचे. १९८० च्या दशकात तिच्या जागी प्रतिकृती बसवली होती, कारण मूळ भिंत कायमची गेली असे सगळे धरून चालले होते. २०११ मध्ये, काम ऐन भरात असताना, कलाइतिहासकार मिरोस्लाव्ह अम्ब्रोझ यांना मूळ फळ्या ब्रनोतच सापडल्या. मासारिक विद्यापीठाची विधी शाखा ज्या इमारतीत आहे, तेथे युद्धकाळात गेस्टापोचे मुख्यालय होते. घरातून काढलेल्या फळ्या कापून तेथील एका दालनाच्या भिंतींना आवरण म्हणून लावल्या होत्या आणि पुढे विद्यार्थ्यांचे खानपान चाले त्या खोलीत त्या सत्तर वर्षे सर्वांच्या डोळ्यांसमोर होत्या. त्यांच्याशेजारी बसून किती पिढ्यांनी चहा-कॉफी घेतली असेल.

फळ्या मिळाल्या, पण अर्धवर्तुळ पुरे होईल एवढे मूळ लाकूड त्यांत नव्हते. जुने तेवढे संग्रहालयाच्या कपाटात ठेवून भिंत पूर्ण नवी करणे, हा एक मार्ग होता. तो नीटनेटका ठरला असता. मूळ फळ्या भिंतीत परत बसवून उरलेला भाग नव्या मकासर विनियरने पुरा करणे, हा दुसरा. दुसरा मार्ग घेतला गेला आणि तोच बरोबर होता असे माझे ठाम मत आहे. आबनुसाची तपकिरी-काळी रेघ दर झाडाची वेगळी असते, दोन झाडांची रेघ तंतोतंत जुळणे शक्य नाही. त्यामुळे दूरवरून भिंत एकसंध दिसते आणि तिच्या इतिहासाची खूण लाकडातच राहते. वास्तूंच्या संवर्धनाची आंतरराष्ट्रीय तत्त्वे सांगणाऱ्या १९६४ च्या व्हेनिस सनदेच्या बाराव्या कलमात म्हटले आहे की, नव्याने भरलेला भाग एकूण रचनेत सामावला पाहिजे, पण तो मूळ भागापासून ओळखूही आला पाहिजे. या दोन्ही अटी पाळणारे याहून चांगले उदाहरण मला आठवत नाही.

जिथे मतभेद आहे

याच सनदेचे अकरावे कलम मात्र या प्रकरणाला अडचणीत आणते. वास्तूत सर्व काळांनी घातलेल्या रास्त भरीचा आदर व्हावा, केवळ शैलीची एकता हे ध्येय असू नये, असे ते सांगते. टुगेन्डहाट घर मात्र जवळजवळ पुरते १९३० सालाकडे परत नेले गेले. नृत्यशाळा, उपचार केंद्र आणि १९८५ चे अतिथिगृह यांच्या खुणा निघून गेल्या. त्यांची हकीकत आज छायाचित्रांतून आणि माहितीतून सांगितली जाते, भिंतींतून नाही.

याचे समर्थन करता येते. नंतरचे थर बहुतांशी नाइलाजाचे होते आणि त्यांतले काही मूळ गिलाव्याला प्रत्यक्ष इजा करत होते. जो थर खालच्या थराला मारतो, त्याला इतिहास म्हणून जपता येत नाही. पण प्रत्येक थर असा नव्हता. जिथे मुले दोरखंड आणि शिड्या धरून पाठ सरळ करायला शिकली, तिथे तीस वर्षांचे एक खरे आयुष्य होते, मूळ मालकांच्या वास्तव्याच्या चौपट काळ. फ्रान्समध्ये क्रुआ येथील कावरुआ व्हिला २०१५ मध्ये खुला झाला, तेव्हा रॉबर्ट माले-स्टीव्हन्स यांच्या त्या घरातील एक खोली पडझडीच्या अवस्थेत जशीच्या तशी राखली गेली, म्हणजे आधी काय होते ते पाहणाऱ्याला कळावे. ब्रनोतही असा एखादा कोपरा मोकळा राखला असता, तर मूळ रचनेला काहीच धक्का लागला नसता.

दुसरा मतभेद आसनांविषयी आहे. आज घरात मांडलेले फर्निचर प्रामुख्याने प्रतिकृतींचे आहे. ओनिक्सच्या भिंतीशेजारी असलेले विल्हेल्म लेमब्रुक यांचे शिल्पही मूळ नसून प्रतिकृती आहे. टीकाकार म्हणतात की यामुळे घर प्रदर्शनातल्या देखाव्यासारखे होते. मला ही टीका अर्धीच पटते. या घरात खुर्चीची जागा खांबाच्या जागेइतकीच ठरलेली होती, रिकामे दालन म्हणजे अपुरी वास्तू. १९३१ मध्ये एका जर्मन मासिकाने ‘टुगेन्डहाट घरात राहता येते का?’ असा प्रश्न छापला, तेव्हा ग्रेटे आणि फ्रिट्झ दोघांनीही उत्तर देऊन राहता येते, आनंदाने राहता येते, असे सांगितले होते. खुर्च्यांविना त्या उत्तराला अर्थ राहत नाही. मात्र गिलावा अस्सल आणि खुर्ची नवी, हे पाहणाऱ्याला तिथेच, त्या खुर्चीजवळच, स्पष्ट सांगितले गेले पाहिजे.

बार्सेलोनाच्या मंडपाशी तुलना केली की प्रश्न आणखी स्वच्छ दिसतो. तो मंडप १९३० मध्ये मोडला गेला आणि १९८६ मध्ये त्याच जागी नव्याने उभा राहिला. तो उत्तम आहे आणि त्याच्याकडून पुष्कळ शिकता येते, पण तिथे जुने काही उरलेलेच नव्हते, त्यामुळे सांध्याचा प्रश्नही नव्हता. ब्रनोत जुने भरपूर होते, फक्त झाकलेले होते. नवी प्रतिकृती करण्याचे कौशल्य वाढले की झाकलेले जुने शोधण्याची निकड कमी वाटू लागते. पहिल्या दुरुस्तीत सामग्री नव्हती म्हणून नुकसान झाले. आज सगळी सामग्री मिळते आणि तीच सुबत्ता उद्या एखाद्या घराला तितकीच घातक ठरू शकते, जर चाकू घेऊन भिंतीसमोर बसण्याचा धीर कुणी दाखवला नाही.

२०१२ नंतर

मार्च २०१२ मध्ये घर पुन्हा लोकांसाठी उघडले. फेऱ्या ठरावीक वेळी, लहान गटांनी होतात आणि आगाऊ नोंदणी बरीच आधी करावी लागते. लिनोलियम मऊ असते, घोटीव भिंतीवर हाताचा डाग धरतो, ओनिक्सला टेकून फोटो काढण्याचा मोह होतो, म्हणून गर्दी आवरणे हाही संवर्धनाचाच भाग झाला आहे.

खरे काम मात्र बाहेरच्या भिंतीवर चालू राहणार आहे. चुन्याचा तो पातळ हात झिजण्यासाठीच दिलेला आहे. ब्रनोत हिवाळा कडक असतो, पाणी छिद्रांत शिरून गोठते आणि पृष्ठभाग भुरभुरतो. तो भुरभुरला की काही वर्षांनी पुन्हा हात द्यावा लागेल, आणि त्या वेळी कंत्राटात ‘बाह्य रंगकाम’ एवढेच लिहिलेले असेल तर कुणीतरी डबाबंद रंग घेऊन येईल आणि १९८५ ची भिंत परत येईल. तिथे लिहायला हवा तो चुन्याचा प्रकार, वाळूचे मूळ आणि तिची चाळणी, मिश्रणाचे प्रमाण, कुंच्याची जात, आणि भिंत आधी किती ओली करायची हे. शिवाय हे वाचून समजणारा, हाताला चुन्याची सवय असलेला एक गवंडी शहरात असायला हवा.